बंद पडलेल्या चॅपलचे स्थानिक इतिहास संग्रहालय करावे काय?

कॅम्पकर: लंडनमधील लॅम्बेथचे सेंट मेरी चर्च १९७२ मध्ये उपासनेसाठी बंद झाले. ते पाडले जाणार होते, परंतु काही नागरिकांनी पुढाकार घेतल्यामुळे १९७७ पासून तेथे उद्यानांच्या इतिहासाचे संग्रहालय उभे राहिले. बेळगाव-खानापूर पट्ट्यात भाविकांअभावी कुलूप लागलेले एखादे जुने चॅपल (लहान ख्रिस्ती प्रार्थनागृह) असेल, तर तेथेही असेच संग्रहालय करावे. बेळगावच्या किल्ल्यातील, १२०४ सालचे रट्ट राजघराण्याचे शिलालेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि आपण मात्र घराघरांतील जुनी कागदपत्रे वाळवीच्या स्वाधीन करत आहोत.

खानापूरवासी: मला हे मान्य नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी प्रार्थनास्थळाचे जे धार्मिक स्वरूप होते तेच पुढे राहील, असे १९९१ चा कायदा सांगतो. शिवाय चॅपल कॅथलिक असेल, तर चर्चच्या कायद्यातील १२२२ व्या नियमानुसार निर्णय बिशपांचा असतो, आणि ज्यांचे त्या वास्तूवर हक्क आहेत त्यांची संमतीही लागते. रविवारी मिस्सा (कॅथलिक सामूहिक उपासना) होत नाही म्हणून ती वास्तू बेवारस ठरत नाही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायला येणारी कोकणी-मराठी बोलणारी कुटुंबे तुमच्या प्रस्तावात कोठेच दिसत नाहीत.

कॅम्पकर: त्या कायद्याचा मुख्य रोख एका धर्माचे स्थळ दुसऱ्या धर्माचे करण्यावर आहे, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत. कबरींचे म्हणाल, तर लॅम्बेथला नूतनीकरणाच्या वेळी जमिनीखालच्या तळघरात शिशाच्या सुमारे तीस शवपेट्या आढळल्या, त्यांत कँटरबरीच्या आर्चबिशपांच्याही होत्या. त्या जागच्या जागी ठेवूनच संग्रहालय चालू आहे.

टिळकवाडीचा वाचक: दोघेही मुख्य अडचण टाळत आहात. फलक कोणत्या भाषेत लिहिणार? १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमाप्रश्न ज्या दालनात मांडायचा, तेथे मराठी मजकूर टिकेल याची हमी कोण देणार? सरकारी खात्याच्या ताब्यात गेलेल्या वास्तूविषयी तरी मला ती देता येत नाही. (कन्नड नको, असे माझे म्हणणे नाही, कन्नड, मराठी आणि कोकणी या तिन्ही भाषा हव्यात.)

खानापूरवासी: हा मुद्दा मला पटतो, पण तो दुसरा. प्रथम भाविकांची लेखी संमती घ्यावी, कबरी व वेदी जागेवरून हलवू नयेत, २ नोव्हेंबरला दार खुले असावे आणि विश्वस्त मंडळात त्या कुटुंबांचे प्रतिनिधी असावेत. एवढे लिहून दिल्याशिवाय माझा विरोध कायम आहे.