नववर्षाचे संकल्प: डोंबिवली ते फोर्ट प्रवास करून किती झेपतात?

प्रश्न (डोंबिवलीकर):
मी सकाळी सव्वासातला घर सोडतो आणि रात्री साडेआठला परततो. गेल्या जानेवारीत रोज पहाटे पाच किलोमीटर चालणे, वर्षभरात २४ पुस्तके, दरमहा दहा हजारांची बचत आणि जर्मन भाषा असे चार संकल्प केले. होळीपर्यंत चालणे आणि जर्मन दोन्ही सुटले, बचत जूनमध्ये मुलीच्या शाळेच्या फीने खाल्ली आणि पुस्तके सात झाली. या वर्षी काय आणि किती ठरवावे?

दादरहून एक वाचक:
सात पुस्तके हा तुमचा खरा वेग आहे, तेव्हा यंदा दहा ठरवा. पाच किलोमीटरला साध्या चालीने तास लागतो, म्हणजे साडेपाचपूर्वी उठणे आले, आणि तुमच्या दिनक्रमात ते रोज जमणे मला तरी अवघड वाटते. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या वातावरणात सगळेच शक्य वाटते (त्याच भरात मीही एकदा २१ किलोमीटरचा बेत केला होता), पण जूनच्या मध्यावर पाऊस लागला की पुढे सप्टेंबरपर्यंत पहाटेचा रस्ता आपल्या हातात राहत नाही. त्या महिन्यांत काय करायचे, ते आत्ताच लिहून ठेवा. मी इमारतीचे जिने चढते.

मुलुंडकर:
महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हटले की काही उरत नाही. पगार होताच रक्कम रिकरिंग डिपॉझिटमध्ये आपोआप वळती होऊ द्या. जूनची फी बारा हप्त्यांत आधीच बाजूला काढा. त्यानंतरची बचत तीन हजारच असली तरी चालेल.

गिरगावकर:
एकवीस दिवसांत सवय लागते, यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांचा अभ्यास केला, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, मात्र माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडत नाही, असेही त्यांना दिसले. आपल्याकडे पूजेत संकल्प 'सोडतात', आणि आपण बहुधा तो शब्दशः घेतो!

डोंबिवलीकर:
सर्वांचे आभार. जर्मन यंदा नाही. परतताना सीएसएमटीला गाडीत बसायला मिळते, तेव्हा दहा पुस्तके त्याच तासात वाचीन. चालण्यासाठी आठवड्यातून चार दिवस स्टेशनवरून रिक्षा न करता घरी पायी जाईन. पावसात छत्री, दप्तर आणि दोन किलोमीटर यांचा मेळ कसा बसतो, ते जुलैत कळवतो.