टोपणनावामागची विज्ञानकथा: नाव लपवून नेमके काय साधते?

मृगशीर्ष:
डॉ. जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेल. टोपणनाव मराठीला नवे नाही. कवींची तर ती जुनी रीतच आहे, पण तेथे ते बहुधा अलंकारासारखे असते. विज्ञानकथेच्या क्षेत्रात मात्र ओळख खरोखर दडवल्याची उदाहरणे मला वारंवार आढळतात. नाव लपवल्याने लेखनात काही फरक पडतो, की केवळ वाचणाऱ्याच्या नजरेत? जाणकारांनी सोदाहरण लिहावे.

जुनी_वही:
माझ्या मते फरक नजरेतच पडतो. नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलट क्रमाने मांडून ते नाव तयार केले, आणि अक्षरावरून कोणी ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहून घेतली. १९६५ सालीच पद्मभूषण मिळालेल्या शास्त्रज्ञाची कथा हाती आल्यावर परीक्षकांना ती निव्वळ कथा म्हणून वाचणे अवघडच गेले असते. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणती आणि खोटी कोणती हे डॉक्टरलाही कळू देत नाहीत, तसाच हा प्रकार झाला. (हस्ताक्षराचाही विचार करावा, हे शास्त्रज्ञालाच सुचणार!) कथेला पहिले बक्षीस मिळाले, तेव्हा ते जगतापांना मिळाले होते, हे महत्त्वाचे.

संध्यातारा:
मी पूर्णपणे सहमत नाही. अमेरिकेतील ॲलिस शेल्डन यांचे उदाहरण पाहा. मार्मलेडच्या बरणीवरील 'टिपट्री' हे नाव उचलून त्यांनी 'जेम्स टिपट्री ज्युनियर' हा लेखक उभा केला आणि १९६८ पासून त्या नावाने कथा छापून येऊ लागल्या. हा गृहस्थ कोणालाही प्रत्यक्ष भेटत नसे. संपादकांशी आणि इतर लेखकांशी त्याचा सगळा स्नेह पत्रांतूनच चाले. १९७५ साली रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांच्यासारख्या मुरलेल्या लेखकाने टिपट्रीच्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत, हे लेखन मूलतः पुरुषी असल्याने लेखक स्त्री असेल हा तर्क पटत नाही, असा निर्वाळा दिला. पुढल्याच वर्षी शेल्डन यांच्या आई वारल्या. टिपट्रीने पत्रांतून आईच्या निधनाचा उल्लेख केला होता. त्या स्वतः नावाजलेल्या लेखिका असल्याने वर्तमानपत्रातील मृत्युलेखावरून चाहत्यांनी धागा जुळवला आणि गुपित फुटले. सिल्व्हरबर्ग यांनी नंतर चूक मोकळेपणाने मान्य केली.

येथवर तुमचेच म्हणणे खरे ठरते. परंतु त्याच काळात शेल्डन 'रकूना शेल्डन' या स्त्रीनावानेही लिहीत होत्या, आणि त्या कथांतील संताप मला टिपट्रीपेक्षा अधिक उघडा वाटतो. दोन नावांना दोन आवाज मिळाले, ते केवळ वाचकाच्या नजरेमुळे नव्हे.

अधोरेखित:
लेखकांविषयी चर्चा झाली, पण समीक्षक राहिलेच. जेम्स ब्लिश हे अमेरिकन विज्ञानकथालेखक १९५० च्या दशकात 'विल्यम ॲथेलिंग ज्युनियर' या नावाने चाहत्यांच्या हौशी नियतकालिकांत समीक्षा लिहीत. हे नावही उसनेच. एझ्रा पाउंड संगीतसमीक्षा 'विल्यम ॲथेलिंग' या नावाने करत, म्हणून हे 'ज्युनियर'. सदोष व्याकरण, विज्ञानाची चुकीची समज आणि तसले लेखन डोळे मिटून छापणारे संपादक, यांपैकी कोणालाही ॲथेलिंगने सोडले नाही. ज्या संपादकांना आपण कथा विकतो त्यांच्याविषयी स्वतःच्या नावाने असे लिहायला केवढी छाती लागली असती! जगतापांनी नाव लपवले ते निर्दोष निकाल मिळावा म्हणून, तर ॲथेलिंगने निर्भीड निकाल देता यावा म्हणून. त्यामुळे मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे, की कथेत फरक पडतो की नाही यावर वाद होऊ शकेल, पण समीक्षेत तो नक्कीच पडतो.

मृगशीर्ष:
सर्वांचे आभार. समीक्षकाचा विचार माझ्या मनातही आला नव्हता. मराठी विज्ञानकथेला असा एखादा ॲथेलिंग लाभला असल्यास त्याविषयी वाचायला आवडेल. तो कोण होता हे अजून गुपित असेल, तर केवळ टोपणनाव सांगितले तरी चालेल.