ऑनलाइन सर्व्हेचे पैसे गुगल शीटमध्ये कसे मांडायचे? (फक्त मोबाईल आहे)

जुळेसोलापूरची_ताई

नमस्कार सगळ्यांना. मी जुळे सोलापूरला राहते, बीकॉम झालंय पण मुलगी लहान आहे म्हणून बाहेर नोकरी सध्या जमत नाही. दुपारी ती झोपली की मोबाईलवर सर्व्हे करते, टोलुना, स्वॅगबक्स, गुगल ओपिनियन रिवॉर्ड्स आणि अजून दोन-तीन आहेत. हिशोब वहीत लिहिते पण आता त्याचा मेळ बसेना, एका साइटवर पॉइंट, दुसरीकडे डॉलर, तिसरीकडे सरळ रुपये, त्यात काही लगेच मिळतात काही पेंडिंग राहतात आणि काही गिफ्ट कार्डात येतात. महिन्याला नेमके किती सुटतात हे मला स्वतःलाच कळायला पाहिजे, कारण त्यावरून पुढं करायचं का नाही ते ठरवणार आहे. कॉम्प्युटर नाही, गुगल शीटचं ॲप घेतलंय. कुठले कॉलम करायचे आणि बेरीज कशी लावायची कुणीतरी पहिल्यापासून सांगा की. कोरी शीट उघडून बसलेय.

टॉवेलवाला_हिशोबनीस

ताई, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो. कॉलमच्या आधी एक गोष्ट, येणं आणि जमा कधीच एका ठिकाणी लिहायचं नाही. सर्व्हे पूर्ण केला म्हणजे पैसे मिळाले असं नसतं, ते तुमचं येणं आहे, बँकेत किंवा हातात पडलं की मग जमा. वहीत मेळ बसत नाही तो बहुतेक यामुळंच.

म्हणून एकाच फाइलमध्ये दोन टॅब करा. पहिल्याला नाव द्या 'सर्व्हे'. त्यात तारीख, साइट, मिनिटं, पॉइंट, रुपयात किती, आणि शेवटी स्थिती. स्थितीत चारच शब्द ठेवा: पेंडिंग, मंजूर, बाद (मधेच अपात्र ठरवून बाहेर काढलं), रद्द (पूर्ण करूनही नाकारला). दुसऱ्या टॅबला 'काढलेले' म्हणा, तिथं तारीख, साइट, किती काढले, कशात (बँक, गिफ्ट कार्ड, प्ले क्रेडिट) आणि प्रत्यक्षात कधी आले. आता कुठल्याही साइटवर तुमचे किती अडकलेत ते बघायचं तर त्या साइटच्या मंजूर रकमेतून काढलेली रक्कम वजा करायची, बास.

बेरजेला सम-इफ्स फॉर्म्युला लागतो. बरोबरचं चिन्ह, मग इंग्रजीत SUMIFS, कंसात आधी रुपयांचा कॉलम, मग साइटचा कॉलम आणि साइटचं नाव, मग स्थितीचा कॉलम आणि मंजूर. नाव आणि मंजूर हे शब्द दुहेरी अवतरणात टाकायचे आणि प्रत्येकाच्या मधे स्वल्पविराम. एकदा बसला की तोच कॉपी करून फक्त साइटचं नाव बदलत जायचं.

साइट आणि स्थिती हे दोन कॉलम ड्रॉपडाउनच करा (टाइप न करता यादीतून निवडायचं), डेटा व्हॅलिडेशनमध्ये मिळतं, मोबाईलवर पण होतं. हाताने टाइप केलं तर एकदा टोलुना आणि एकदा टोलूना होतं, तुम्हाला दोन्ही सारखंच वाटतं पण फॉर्म्युल्याला त्या दोन वेगळ्या साइट वाटतात आणि बेरीज कमी येते. तसंच रुपयाच्या खान्यात नुसता आकडा, '५० रु' असं लिहिलं की ती अक्षरं झाली, बेरजेत येणार नाहीत. आकडे इंग्रजी कीपॅडवरूनच टाका. ओळखायची खूण अशी की आकडा आपोआप खान्यात उजवीकडे सरकतो आणि अक्षरं डावीकडे राहतात, काही डावीकडे दिसलं की तिथं गडबड आहे.

तारखेचं पण बघा. शीटचं लोकेल (कुठल्या देशाच्या पद्धतीनं तारीख धरायची ते सेटिंग) अमेरिकेचं असेल तर ०५/०३ म्हणजे ती ३ मे धरते, आपल्याला पाहिजे ५ मार्च. कुणाच्यातरी कॉम्प्युटरवर एकदा फाइल उघडून सेटिंगमध्ये लोकेल भारत करून घ्या. हे पहिल्याच दिवशी करा, नंतर जुन्या तारखा निस्तरायला फार जड जातं.

घरकुलवाली

दादांनी मिनिटांचा कॉलम सांगितला पण तो कशाला ते राहिलं, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा कॉलम तोच आहे.

माझी आई विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) राहून वर्षानुवर्षं बिड्या वळायची. वळलेल्यातल्या काही छाट म्हणून बाजूला काढायचे, त्याचे पैसे नाहीत, पण वळायला वेळ तर तेवढाच गेलेला असायचा. सर्व्हेत मधेच 'तुम्ही पात्र नाही' येतं ना, ते अगदी तसंच आहे. दहा मिनिटं प्रश्नांची उत्तरं दिली आणि बाहेर काढलं. ती बाद झालेली ओळ पण शीटमध्ये लिहायचीच, रुपयाला शून्य आणि मिनिटं खरी. बहुतेकजणी फक्त पूर्ण झालेले लिहितात आणि मग आकडा फुगून दिसतो.

समजा एका साइटवर १८० मिनिटांत २४० रुपये झाले, म्हणजे तासाला ८० पडले असं वाटतं. पण त्याच काळात बाद झालेल्या सर्व्हेत अजून १०० मिनिटं गेली असतील तर ती धरून २८० मिनिटं होतात आणि तासाला ५१ रुपयेच पडतात. रुपयांची बेरीज भागिले मिनिटांची बेरीज गुणिले ६०, प्रत्येक साइटचं वेगळं काढा. महिन्याभरात कुठली साइट सोडायची ते आपोआप कळेल, कुणाला विचारायला नको. ताई तुमची दुपारची झोपायची वेळ त्यात जाते, त्याला किंमत आहे.

करसल्ला_सोलापूर

टॅक्सचं थोडक्यात. वर्ष एप्रिल ते मार्च धरा, जानेवारी ते डिसेंबर नको. सर्व्हेची अधूनमधून होणारी कमाई साधारणपणे इतर स्रोतांतून उत्पन्न म्हणून दाखवतात, आणि गिफ्ट कार्डात मिळालं म्हणजे ते उत्पन्नच नाही असा समज करून घेऊ नका, त्याची रक्कम पण लिहून ठेवा. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही, त्यामुळं एवढ्या कमाईवर तुम्हाला काही भरावं लागेल असं नाही. पण एफडीचं व्याज, शिकवणी असं दुसरं काही तुमच्या नावावर असेल तर सगळं एकत्र धरायचं असतं. तुमचा 'काढलेले' टॅब असला की सीएला तेवढा दाखवला तरी काम होतं.

जुळेसोलापूरची_ताई

खूप खूप आभार, बाद झालेले लिहायचं तर माझ्या डोक्यातच आलं नसतं. दोन शंका आहेत. डॉलरचे रुपये कसे करायचे, शीट आपोआप रेट घेते असं वाचलं. आणि गुगलवाल्या ॲपचे पैसे बँकेत येतच नाहीत मग ते कमाईत धरायचे का? अजून एक, टेलिग्रामवर एका ग्रुपमध्ये जास्त पैशाचे सर्व्हे देतो म्हणतात पण आधी ५०० रुपये रजिस्ट्रेशन भरायला सांगतात, मैत्रीण भर म्हणतेय.

घरकुलवाली

५०० अजिबात भरू नका ताई, आणि मैत्रिणीला पण आजच फोन करून थांबवा. सर्व्हे करणाऱ्याला कंपनी पैसे देते, त्याच्याकडून घेत नाही. हे लोक सुरुवातीला शे-दोनशे परत पण देतात, विश्वास बसला की मोठ्या टास्कसाठी हजारो भरायला लावतात आणि मग ग्रुपच गायब. कुणी आधीच भरले असतील तर लाज न धरता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जेवढं लवकर कळवाल तेवढी पैसे अडवायची शक्यता जास्त. आधारचा फोटो, ओटीपी काहीही देऊ नका.

टॉवेलवाला_हिशोबनीस

वरचं एकदम बरोबर, त्यात काही वाढवत नाही.

डॉलरचं असं की गुगल फायनान्सचा फॉर्म्युला लावला तर रेट आपोआप येतो, पण तो रोज बदलतो, म्हणजे जूनमध्ये काढलेल्या पैशाचा आकडा सप्टेंबरमध्ये वेगळाच दिसायला लागेल. जुना हिशोब हलता कामा नये. पेंडिंग आहेत तोवर एक अंदाजे रेट धरा, आणि बँकेत आले की 'काढलेले' मध्ये पासबुकात दिसतो तोच आकडा हाताने टाका. पेपालवरून येत असतील तर आपल्याकडे परदेशातून आलेली रक्कम बँकेतच वळती होते आणि फी आणि रेटमधे थोडं कापून येते, म्हणून डॉलर गुणिले रेट करत बसू नका, खात्यात पडलं तेच खरं.

गुगल ओपिनियन रिवॉर्ड्सचं अँड्रॉइडवर प्ले क्रेडिट मिळतं, ते बँकेत येत नाही आणि वर्षभरात वापरलं नाही तर संपतं. शीटमध्ये लिहा, पण 'कशात' च्या खान्यात प्ले क्रेडिट टाका आणि महिन्याची बेरीज करताना बँक वेगळी, गिफ्ट कार्ड वेगळं, क्रेडिट वेगळं. किराण्याला बँकेतले येतात, क्रेडिट येत नाही. गिफ्ट कार्डाची मुदत कधी संपते तेही शेजारीच लिहून ठेवा.

जुळेसोलापूरची_ताई

मैत्रिणीला फोन केला, तिने अजून भरले नव्हते. आजपासूनचे सर्व्हे शीटमध्येच टाकते, वहीतलं पण भरायला पाहिजे का?

टॉवेलवाला_हिशोबनीस

सगळं नको, दमून जाल. प्रत्येक साइटवर आज शिल्लक किती दाखवतंय ते बघा आणि प्रत्येकीची एकेक ओळ 'आरंभीची शिल्लक' म्हणून मंजूरमध्ये टाका, मिनिटांचा खाना तिथं रिकामा सोडा. फक्त तासाचा हिशोब काढताना त्या ओळी धरू नका, नाहीतर मिनिटं नसलेले रुपये मिसळून आकडा वाढेल. बँकेत आलेले तेवढे एप्रिलपासूनचे पासबुक बघून 'काढलेले' मध्ये भरा, पण या जुन्या रकमा आरंभीच्या शिल्लकेत धरलेल्या नाहीत, म्हणून त्यांच्यापुढं 'जुने' असं लिहा आणि अडकलेले किती हे काढताना वगळा.