अनुभव धागा: फॉरमॅट न मारता विंडोज पुन्हा टाकणे

विंडोज अडखळायला लागली की सातारा-सांगलीत कुठल्याही दुकानात उत्तर ठरलेलं: "फॉरमॅट मारा." मग टॅली, प्रिंटर, डीटीपीचे फॉण्ट, सगळं पहिल्यापासून. प्रोग्रॅम जागेवर ठेवून विंडोज नव्याने टाकणाऱ्यांनी इथे लिहा. कुठं अडतं ते नेमकं सांगा, "झालं एकदाचं" एवढ्यावर भागवू नका.

विश्रामबाग, सांगली
पेनड्राइव्हवरून बूट करून टाकलीत तर प्रोग्रॅम गेलेच समजा. चालू विंडोजच्या आतूनच सेटअप चालवायचा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ (अख्खी विंडोज एका फाइलीत) उतरवा, डबल क्लिक केलं की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते, त्यातला सेटअप सुरू करा. शेवटच्या पडद्यावर 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' दिसल्याशिवाय इन्स्टॉल दाबू नका. सी ड्राइव्हवर २०-२५ जीबी मोकळे ठेवा.

कराड
आणि नेमका तोच पर्याय पुसट दिसतो! कारणं बहुतेक तीन. मशीनवर विंडोजची प्रो आवृत्ती आणि आयएसओत फक्त होम. आयएसओचा बिल्ड (विंडोजचा आवृत्ती क्रमांक) मशीनवरच्यापेक्षा जुना. स्टार्टमध्ये 'विनव्हर' (winver) टाइप करून मशीनवरचा बिल्ड आधी बघा. तिसरं कुणाच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे भाषा. 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' आणि 'इंग्लिश इंटरनॅशनल' या वेगवेगळ्या आयएसओ आहेत. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये dism /online /get-intl ही कमांड द्या आणि 'डिफॉल्ट सिस्टीम यूआय लँग्वेज' ही ओळ वाचा. ईएन-यूएस असेल तर युनायटेड स्टेट्सची, ईएन-जीबी असेल तर इंटरनॅशनलची. नंतर बदललेली डिस्प्ले भाषा इथे मोजत नाहीत.

मार्केट यार्ड, सांगली
पेढीवरच्या मशीनला मार्चअखेरीला हात लावू नका, बाकी कधीही चालेल. टॅलीत कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा पाथ दिसतो. तो फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, लायसन्सचा सिरियल नंबर कागदावर.

राजवाडा, सातारा
काम अर्ध्यात फिरून जुनी विंडोज परत आली आणि एररमध्ये सी१९००१०१ दिसलं, तर ड्रायव्हरचा घोळ समजा. प्रिंटर, डोंगल, जास्तीची हार्डडिस्क काढा. फक्त कीबोर्ड-माउस ठेवा. बाहेरचा अँटिव्हायरस नुसता बंद करून भागत नाही, अनइन्स्टॉलच करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते उघडायचा नंबर, आधी लिहून घ्या, मग तो सस्पेंड (तात्पुरता बंद) करा.
पावसाळ्यात यूपीएसशिवाय सुरूच करू नका. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर दोन-तीन तास सहज जातात, मधे चार-पाच वेळा रिस्टार्ट होतं आणि टक्का एका जागी बसून राहतो. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर पॉवर बटणाला हात नाही. डिस्कमध्येच बॅड सेक्टर (खराब झालेले भाग) असतील तर हा उपाय नव्हेच. डेटा काढा, एसएसडी बसवा.

मिरज
विंडोजमधल्याच 'रिसेट धिस पीसी'त 'कीप माय फाइल्स' वाचून फसू नका. त्यात फाइली राहतात, टाकलेले प्रोग्रॅम उडतात. विंडोज ११ च्या नव्या बिल्डमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे 'फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट' आहे. आयएसओ न उतरवता तेच काम होतं, फक्त नेट धड हवं. सिस्टीम रिस्टोअरचे (विंडोज आधीच्या स्थितीत नेणारे) जुने पॉइंट मात्र पुसले जातात. जुनी विंडोज ठेवलेला विंडोज डॉट ओल्ड (Windows.old) फोल्डर १० दिवस राहतो आणि मागे फिरायचं तर तेवढ्यातच. जागा हवी म्हणून तो लगेच उडवू नका, आधी एकदा बिल छापून बघा.