हिऱ्याची पडताळणी दोन्हीकडे सारखीच हवी

सराफाच्या पेढीपेक्षा ऑनलाइन हिरा स्वस्त मिळतो, हे मत बऱ्याच अंशी मान्य आहे. मात्र किमतींची तुलना करण्याआधी दोन्हीकडचा हिरा एकाच प्रतीचा आहे का, हे पाहावे. जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांच्या प्रमाणपत्राचा क्रमांक बहुधा हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो, तो भिंगातून वाचून त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो आणि हिरा खाणीतला की प्रयोगशाळेत तयार केलेला, हेही तिथे कळते. सराफ घरोब्याचा आहे म्हणून ही विचारणा टाळू नये (संकोच इथेच महाग पडतो). हॉलमार्कसोबतचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) सोन्याच्या शुद्धतेपुरता असतो, हिऱ्याची ग्वाही तो देत नाही. पुढे अंगठीचे माप बदलण्यासाठी किंवा सैल झालेला खडा पक्का करण्यासाठी गावातली पेढीच सोयीची. परतखरेदीच्या अटी मात्र तिच्याकडूनही लेखी घ्याव्यात.