घरचा पिझ्झा सॉस म्हणजे रिकामटेकडेपणा? मग ऐका

रंकाळवेस
आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर काल एका गृहस्थांनी लिहिलं: "पिझ्झा सॉस घरी करणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. आपल्याकडचा टोमॅटो आंबट आणि पाणचट, त्याचा सॉस होत नसतोय. बाटली आणावी, नाहीतर केचपमध्ये ओरेगॅनो टाकावा. विषय संपला." खाली अंगठ्यांची रांग. तिथं उत्तर दिलं की अ‍ॅडमिन लगेच "गुड मॉर्निंगपुरता ग्रुप आहे" म्हणून दटावतो, म्हणून इथं लिहिते.

केचपमध्ये ओरेगॅनो टाकला की ओरेगॅनो टाकलेलं केचप होतं, सॉस नाही. त्यात साखर आणि व्हिनेगर आधीच ठासून भरलेलं. ओव्हनमधून निघाला की चीजखाली गोडमिट्ट चिकट थर.

आता "पाणचट". टोमॅटो इटलीतल्या नेपल्सचा असो नाहीतर आपल्या कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातला, शंभरातले ९४-९५ भाग पाणीच असतं. ते काढता कसं, एवढाच प्रश्न आहे. निम्म्या घरांत टोमॅटो थेट मिक्सरला जातात. हवा शिरून फेस येतो, लाल रंगाचा फिका केशरी होतो, बिया फुटून कडवटपणा उतरतो, आणि मग दोष टोमॅटोला.

लांबट, गर जास्त असलेले टोमॅटो घ्या. कच्चट असतील तर फ्रीजबाहेर ठेवून पूर्ण लाल होऊ द्या. मग आडवे कापा आणि अंगठ्यानं बिया चाळणीत काढा. कापलेली बाजू खिसणीच्या मोठ्या भोकांवर घासा. गर खाली पडतो आणि साल तळहाताला चिकटून चपटी उरते, बोटं सोलत नाहीत. उकळत्या पाण्यात घाला, सालं काढा, हा खटाटोपच नाही. बियांभोवतीचा बुळबुळीत रस चाळून गरात परत घाला. तो फेकतात लोक, आणि चव तिथंच असते.

पसरट स्टीलची कढई घ्या. आंबट पदार्थाला अ‍ॅल्युमिनियम नको. ठेचलेला लसूण तेलात मंद आचेवर, रंग बदलायच्या आत गर ओता. आच मोठी, झाकण नाही. मीठ शेवटी, कारण आटल्यावर खारटपणा वाढतो. झाला का बघायला ताटलीत चमचाभर घ्या, मधून बोटानं रेघ ओढा. रेघेत पाणी उतरलं तर अजून आटवा. बस.

मिरजकर_तिकटी
ते गृहस्थ मीच. कॉलनीतलं भांडण चावडीवर आणल्याबद्दल आभारी आहे, ताई.

गोकुळ शिरगावला शिफ्ट, बायकोची नोकरी, रविवार एकच. त्यात तासभर कढईपुढं उभं राहून किलोभर टोमॅटोचा दीड वाटी सॉस काढायचा? मी बाटलीचं झाकण उघडतो, पोरं खातात, सगळे खूश. आणि अस्सलपणाचंच बोलायचं तर नेपल्सचे लोक सॉस शिजवत नाहीत. टोमॅटो कुस्करला, मीठ घातलं, झालं. म्हणजे तुमची कढईसुद्धा नकलीच की!

पुण्यात_अडकलेला
काकांचं एवढं एक खरं आहे. तिथं नेपल्सच्या पिझ्झाचे नियम जपणारी संघटना १९८४ पासून आहे आणि त्यांच्यात सॉस कच्चाच लागतो. पण तो टोमॅटो बघा कुठला. सान मार्झानो, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याकडचा, १९९६ पासून युरोपात त्याच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. गर जास्त, बिया कमी. आपल्या भाजीवाल्याकडचा कुस्करून बेसवर ओता आणि मग सांगा.

बेकरीवाला
टोमॅटो राहू द्या बाजूला, भट्टीचं बोला. नेपल्सची लाकडाची भट्टी ४३० ते ४८० अंश, पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर. तुमच्या घरचा ओटीजी ओव्हन फार तर २५० ला जातो, म्हणजे दहा-बारा मिनिटं आत. तेवढ्या वेळात कच्च्या सॉसचं पाणी बेसमध्ये मुरतं आणि मधला तुकडा उचलला की वाकतो. तव्यावर झाकण ठेवून करणाऱ्यांचं तर विचारूच नका, वाफ परत खालीच. म्हणून आपल्याकडं आटवलेलाच सॉस पाहिजे. ताई बरोबर आहेत. फक्त एक राहिलं: बेकरीचा तयार बेस असेल तर आधी तेलाचा हात फिरवा, मग सॉस. पाणी अडतं.

काटा_किर्र
एवढं रामायण कशाला ओ? टोमॅटो आटवा, घरची कांदा-लसूण चटणी चमचाभर टाका, लसूण त्यात हायच. लय भारी होतंय. आमच्यात ओरेगॅनोची पुडी कुणी फोडतच नाही.

रंकाळवेस
चटणीत धणे, तीळ, सुकं खोबरं, खडा मसाला. ते टोमॅटोत शिजलं की मिसळीचा कट तयार. चांगला लागेल, नाही कुठं म्हणते? पण मग त्यावर फरसाण घाला, चीज कशाला?

काटा_किर्र
कोल्हापुरात राहून चटणीला नावं? उन्हाळ्यात डंकावर नंबर लावून, डोळ्यातनं पाणी काढत वर्षाची चटणी करतोय आम्ही. ती भाकरीला चालते, अंड्याला चालते, इटलीच्या भाकरीला चालत न्हाई?

पुण्यात_अडकलेला
भावा, तुझ्यासारख्यांमुळंच आम्हाला इथं भोगायला लागतंय. ऑफिसात डबा उघडला की "कोल्हापूरचा ना, मग जाळ असणार". हॉटेलात मेन्यूवर "व्हेज कोल्हापुरी", म्हणजे लाल तेलाचा तवंग आणि वर तळलेली अख्खी मिरची. आपल्या कुणाच्या आईनं ही भाजी कधी केली आहे? एकदा टीमसोबत गेलो तर मॅनेजरनं माझ्यासाठी परस्पर तीच मागवली, "तुझ्या गावची". खाल्ली गुपचूप. रात्रभर पोटात आग. अरे, पांढरा रस्सा कुठल्या गावचा? त्यात किती तिखट असतं? पण नाही, कोल्हापूर म्हटलं की मिरची. आता पिझ्झात पण चटणी कोंबा, म्हणजे मेन्यूवर "कोल्हापुरी पिझ्झा" यायला मोकळं.

काटा_किर्र
पुण्याचं पाणी लागलंय तुला. दोन वर्षात पोट नाजूक झालं.

पुण्यात_अडकलेला
पोटावर जाऊ नकोस. मुद्द्यावर बोल.

निपाणीकर
मुद्दाच सांगतो. तुमच्या चटणीला रंग देणारी ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली. चव देणारी संकेश्वरी, आणि संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात. मिरची आमच्या बाजूची, नाव तुमचं. टोमॅटोचंही तसंच करणार बहुतेक.

काटा_किर्र
संकेश्वरी गडहिंग्लजच्या बाजारात येते, ये बघायला. आणि "आमच्या बाजूची" म्हणजे रे काय? निपाणी कुणाची, ते आधी ठरू दे.

बेकरीवाला
सीमाप्रश्न इथं काढू नका, हात जोडतो. मिरची आणि टोमॅटो दोन्ही अमेरिका खंडातले, समुद्र ओलांडून आलेले. ना तुमचे, ना आमचे, ना इटलीचे. आता पुढं चला.

निपाणीकर
चला. पण चटणीचं श्रेय नोंदवून ठेवा.

शिरोळचा_शेतकरी
सगळं वाचलं. "आपल्याकडचा टोमॅटो पाणचट" हे ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी. माल लांबच्या मार्केटला पाठवायचा असला की देठाकडं हिरवा असतानाच, नुसती लाली धरायला लागली की तोडायला लागतो. पूर्ण लाल तोडला तर क्रेटमध्ये तळाचा चेंदा होतो. तो वाटेत लाल होतो, पण झाडावर पिकल्याची गोडी त्यात उतरत नाही. जाड सालीच्या जाती आम्ही हौसेनं लावत नाही, पातळ सालीचा गावठी टोमॅटो गाडीत टिकत नाही आणि व्यापारी हात लावत नाही. पावसाळ्यात फळाला पाणी जास्त होऊन ते फुटतं, चव पातळ होते. थंडीतला घ्या, मग बोला.

आणि एक राहवत नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या वर गेला तेव्हा तुम्हीच सगळ्यांनी टोमॅटोला पोलीस बंदोबस्त असे विनोद फिरवले. आमच्यात ज्यांचा प्लॉट तेव्हा चालू होता ते बोटावर मोजण्याइतके. पुढं दर पडला, तोडणीची मजुरीसुद्धा निघेना, तेव्हा विनोद कुणाला सुचला नाही. २०१९ आणि २०२१ ला पुरात उभी पिकं गेली ती वेगळीच. सॉस करा नाहीतर बाटली आणा, पण स्वस्त झाला की दोन किलो जास्त घ्या. आटवून ठेवायला सांगणारी पोस्ट त्या दिवसांत टाका.

मिरजकर_तिकटी
दादा, मी पाणचट म्हटलं ते मंडईतल्या मालाला, तुमच्या कष्टाला नाही. तोडणीचं कारण पटलं. पण याचा अर्थ मी बरोबरच बोललो होतो, बाजारात मिळतो तो पाणचटच. कारण वेगळं निघालं एवढंच.

शिरोळचा_शेतकरी
असू दे. तुम्ही बरोबर. दर मिळतोय का त्यानं?

सुगरण_आक्का
मी तर स्वस्ताईत पाच-सहा किलोचा एकदम करते आणि उकळलेल्या बाटल्यांत भरून माळ्यावर ठेवते. वर तेलाचा थर. वर्षभर बघायला नको. आमच्या सासूबाई लोणचं असंच ठेवायच्या.

दोन_पोरांची_आई
आक्का, रागावू नका, पण हे करू नका. मी प्रयोगशाळेत काम करते. लोणच्याला मीठ आणि आंबटपणा तारतो, सॉसमध्ये मीठ चवीपुरतं. टोमॅटोची आम्लता काठावरची असते, पीएच ४.६ च्या वर गेला, म्हणजे आम्लता कमी पडली, आणि बाटलीत हवा नसली की बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू विष तयार करू शकतो. वास येत नाही, रंग बदलत नाही. त्यात लसूण, आणि वर तेलाचा थर म्हणजे हवा बंद करायची सोय तुम्हीच केलीत. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, त्याहून जास्त हवा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि वड्या पिशवीत भरा. एका पिझ्झाला तीन-चार वड्या पुरतात.

सुगरण_आक्का
आमच्या घरात इतक्या वर्षांत कुणाला काही झालेलं नाही. हल्ली शिकलेल्या पोरींना सगळ्यातच विष दिसतं.

दोन_पोरांची_आई
झालं नाही म्हणजे होणार नाही असं नसतं, आक्का. हेल्मेटशिवाय स्टेशन रोडला रोज जाणारे पण हेच सांगतात.

सुगरण_आक्का
फ्रीजरमध्ये जागा नाही माझ्या, मटण असतं. बघीन. लिंबू पिळलं तर चालेल काय ते सांगा आधी.

दोन_पोरांची_आई
लिंबानं आम्लता वाढते, पण आपल्या लिंबाचा आंबटपणा प्रत्येकाचा वेगळा, अंदाजावर भरवसा नको. शिवाय मोजून आम्ल घातलं तरी भरलेल्या बाटल्या पुन्हा ठराविक वेळ उकळाव्या लागतात. थोडं मटण खा, जागा होईल.

रंकाळवेस
फ्रीजरला माझाही दुजोरा. आता ओरेगॅनोचं. पुडीतला मिळतो तो वाळका, तळव्यावर चोळून आटताना मध्येच घालायचा, शेवटी वरून भुरभुरला की गवतासारखा लागतो. पुडी नसेल तर कुंडीतली ओव्याची पानं, एखाददुसरं, बारीक चिरून. वास बराच जवळचा, कारण दोन्हीत कार्वाक्रोल हे वासाचं द्रव्य असतं. जास्त घातलं तर मात्र काढा होतो.

मिरजकर_तिकटी
आणि बेसिल? तुळस घाला म्हणाल आता. आमच्या मातोश्री घरातनं हाकलतील.

रंकाळवेस
तुळस घालू नका, तिला लवंगेसारखा उग्र वास असतो आणि मातोश्रींचं म्हणणं वेगळंच. बेसिल म्हणजे सब्जा, तीच जात. फालुद्यात घालता त्या बिया कुंडीत टाका, झाड येतं. वास थोडा निराळा निघेल, पण चालतो. पानं मात्र गॅस बंद केल्यावर घालायची.

काटा_किर्र
गूळ सांगितलाच नाही कुणी. टोमॅटो आंबट असला तर साखरेऐवजी गुळाचा खडा. कोल्हापुरी. का त्यालाबी इटलीची परवानगी लागते?

बेकरीवाला
खडा म्हणजे हरभऱ्याएवढा. बिनरसायनाचा काळपट गूळ घेऊ नकोस, सॉसला काकवीचा वास मारतो. पिवळा चालतो. आणि चटणीचं म्हणशील तर, ताईंनी कान बंद करावेत, मी दुकानात पनीरच्या पिझ्झाला सॉसमध्ये चिमूटभर टाकतो. गिऱ्हाईक तोच मागतंय.

रंकाळवेस
कट्टर कोल्हापुरी बेकरीवाल्याकडून वेगळी अपेक्षा नव्हतीच. चिमूटभर ठीक. चमचाभर म्हणाल तर धागा पुन्हा पहिल्यापासून सुरू करेन.

पुण्यात_अडकलेला
चिमूटभरनंच सुरुवात होते आणि शेवट "व्हेज कोल्हापुरी"त होतो. लिहून ठेवा.

मिरजकर_तिकटी
खिसणीचं तेवढं बायकोनं वाचलं आणि रविवारचं काम माझ्या गळ्यात पडलं, धन्यवाद. तासभर आटवणारा मी नाही, निम्मा सॉस घरचा आणि निम्मी बाटली, हा माझा शेवटचा सौदा. ओव्याची पानं आमच्या कंपाउंडला माजली आहेत. कुणाला पाहिजे असतील तर संध्याकाळी सहानंतर या, आणि ताई, तुम्ही येताना खिसणी घेऊन या, आमची बोथट आहे.