गोळीने फुटलेला चेहरा: हाडं लगेच जोडायची की थांबायचं?

शल्यकर्मी
जखम धुवा, वरवर शिवा, हाडांचं दोन-तीन आठवड्यांनी बघू, ही जुनी शिस्त आता सोडा. श्वासमार्ग सुरक्षित झाला, रक्तस्राव थांबला, मेंदू-मान-डोळे तपासले, सीटी स्कॅन हातात आला, की पहिल्या एक-दोन दिवसांतच प्लेट-स्क्रूने सांगाडा उभा करावा. खाली आधार नसला की कातडी आणि स्नायू आकसतात, व्रण कडक होतो. मग महिन्याभराने हाडं जागेवर आणली तरी वर झाकायला कातडी पुरत नाही. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, मांडीच्या जखमेचे नियम इथे लावू नका.

भूलवाली
"श्वासमार्ग सुरक्षित झाला", तीन शब्दांत उरकलंत! जबड्याचा पुढचा भाग उडाला की जिभेचा आधार जातो. उताणं झोपवलं की ती मागे पडून माणूस गुदमरतो. शुद्धीवर असेल आणि मानेला धोका नसेल तर पुढे वाकून बसू द्या. सूज चढण्याआधी ट्रॅकिओस्टोमीचं (गळ्याला छेद देऊन श्वासनळीत नळी घालण्याचं) ठरवा. मग चालू द्या तुमचं.

अस्थिसंधान
साफ असहमत. गोळी कुठली, हा पहिला प्रश्न धाग्यात नाहीच. पिस्तुलाची कमी वेगाची गोळी असेल तर जोडा लगेच, वाद नाही. रायफल किंवा जवळून शॉटगन असेल तर आज गुलाबी दिसणारा भाग तिसऱ्या दिवशी काळा पडतो, त्याखालची प्लेट उघडी पडते आणि पू होतो. शिवाय हाडाचा चुरा झालेला असताना प्लेटसाठी त्यावरचं आवरण सोललं की उरलासुरला रक्तपुरवठाही आपणच तोडतो. दात तारेने बांधा, बाहेरून फिक्सेटर (हाडांत पिना घालून ती कातडीबाहेरच्या दांड्याने धरून ठेवणारी चौकट) लावा, दर 48 तासांनी जखम उघडून मेलेलं तेवढंच काढा.

शल्यकर्मी
48 तासांचं मान्य, मीही तेच करतो. पण जबड्यात चार-पाच सेंटिमीटरची पोकळी असेल तर भक्कम प्लेटने ती जागा राखून ठेवायला काय हरकत? पायातलं फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसकट नंतर आणून बसवता येतं.

जुनेपाने
पहिल्या महायुद्धात हेच झालं होतं. जखमेच्या कडा ओढून शिवलेले सैनिक वाकड्या चेहऱ्याने हॅरॉल्ड गिलीज या प्लास्टिक सर्जनकडे यायचे. इंग्लंडमधल्या सिडकपच्या रुग्णालयात 1917 पासून त्याने ते टाके उघडले, शाबूत भाग मूळ जागी नेला, आणि मगच उणीव भरली, तीही नळीसारख्या पेडिकलने (रक्तपुरवठा टिकावा म्हणून अंगाला जोडूनच ठेवलेल्या कातडीच्या पट्टीने), टप्प्याटप्प्याने. म्हणजे जागा राखण्यात शल्यकर्मी बरोबर, घाई न करण्यात अस्थिसंधान.

अस्थिसंधान
गिलीजला अँटिबायोटिक नव्हतं, त्यामुळे तुलना अर्धवटच. आणि लगेच जोडलं की काम संपलं असं कोणी समजू नये. 2008चं क्लीव्हलँडचं आणि 2010चं बार्सिलोनाचं चेहरा प्रत्यारोपण, दोन्ही रुग्ण गोळीचेच. काही वर्षं शस्त्रक्रिया झेलून तिथवर पोचलेले, पुढे जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. शल्यकर्मी, प्लेटवर झाकायला जिवंत मांस नसेल तेव्हा तुम्ही काय करता, ते सांगा.

शल्यकर्मी
तेव्हा प्लेट लावत नाही. फिक्सेटरच.